ल्हासा आप्सोचा स्वभाव नीट ओळखायचा कसा: क्रम, खुणा आणि नेहमी होणाऱ्या चुका

ल्हासा आप्सो पाळणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. पिल्लू असताना गोड होता, वर्षाचा झाला आणि गुरगुरायला लागला. बेल वाजली की घर डोक्यावर घेतो. कंगवा पाहिला की दात दाखवतो. हाक मारली तर वळून बघतो, पण येत नाही. मग त्याच्यावर चावरा, हट्टी, लाडावलेला असे शिक्के बसतात आणि ओरडणं, नाकावर चापट, बाथरूममध्ये कोंडणं सुरू होतं. एवढं करून कुत्रा सुधारत नाही, उलट प्रकरण चिघळतं.

चूक होते ती क्रमात. आधी शिस्त लावायला घेतात आणि कुत्रा काय सांगतोय हे नंतर बघतात, किंवा बघतच नाहीत. खाली दिलेले टप्पे म्हणूनच ठरावीक क्रमाने आहेत. पहिले तीन टप्पे गाळून थेट भुंकणं थांबवायला गेलात, तर हाती काही लागणार नाही.

## तयारी: या कुत्र्याकडून काय अपेक्षा ठेवायची

ल्हासा आप्सो २५ ते २८ सेंटिमीटर उंचीचा, साधारण साडेपाच ते आठ किलो वजनाचा कुत्रा. आकारामुळे त्याला मांडीवरचं खेळणं समजतात. पण तिबेटमध्ये मठांच्या आणि घरांच्या आतल्या बाजूला राखण करणं हे त्याचं काम होतं. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान संस्थेच्या ब्रीड स्टँडर्डमध्येही (जातीच्या अधिकृत वर्णनातही) तो आनंदी, ठाम, सावध, स्थिर आणि अनोळखी माणसांपासून थोडं अंतर राखणारा असाच वर्णिला आहे.

म्हणजे पाहुण्याच्या अंगावर उड्या न मारणारा, दुरून निरखून मगच जवळ येणारा ल्हासा बिघडलेला नाही. दारात पाऊल वाजल्यावर चार वेळा भुंकणारा ल्हासाही बिघडलेला नाही. प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याकडून लाड करून घेणारा कुत्रा हवा असेल तर ही जात निवडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जो घरात आला आहे त्याच्याशी मात्र त्याच्या स्वभावाला धरूनच वागायला हवं.

जमवून ठेवायच्या वस्तू थोड्याच: एक वही, मोबाइल उभा ठेवायला स्टँड, छातीवर बसणारं हार्नेस, घसरणार नाही अशी छोटी चटई, विरळ दातांचा धातूचा कंगवा आणि वाटाण्याच्या दाण्याएवढे ट्रीटचे तुकडे. दिवसभरातले ट्रीट एकूण खाण्याच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा आणि झायलिटॉल घातलेले शुगर-फ्री पदार्थ अजिबात नकोत. ते कुत्र्यांना विषारी असतात.

## टप्पा १: आधी शरीर तपासा

ल्हासाच्या 'वाईट स्वभावामागे' दुखणं असण्याची शक्यता लोक धरतच नाहीत. या जातीत पुढच्या गोष्टी पशुवैद्याकडून मुद्दाम बघून घ्या.

डोळे. अश्रू कमी तयार होऊन डोळे कोरडे पडण्याचा त्रास या जातीत दिसतो. चिकट, घट्ट चिपडं आणि लाली ही त्याची खूण. कागदाच्या पट्टीने अश्रू मोजण्याच्या चाचणीला प्रत्येक डोळ्याला एक मिनिट लागतं. रेटिना हळूहळू निकामी होण्याचा आनुवंशिक आजारही आढळतो. त्यात आधी अंधारात दिसेनासं होतं, म्हणून दिवसा ठीक आणि संध्याकाळनंतर बिचकणारा कुत्रा असेल तर डोळे तपासाच.

दात. जबडा आखूड आणि खालचे दात किंचित पुढे असल्यामुळे दात दाटीवाटीने येतात, किटण लवकर साठतं. एकाच बाजूने चावणं, तोंडाला हात लावल्यावर मान झटकणं याकडे लक्ष ठेवा.

पाठ आणि गुडघे. मणक्यांमधल्या चकतीचा त्रास असेल तर उचलताना किंचाळतो, सोफ्यावर उडी मारायचं बंद करतो. गुडघ्याची वाटी सरकत असेल तर चालताना मधेच एक मागचा पाय उचलून दोन-तीन पावलं टाकतो आणि पुन्हा नीट चालतो.

लघवी. शिकलेला कुत्रा पुन्हा घरात करायला लागला आणि पाणीही जास्त पीत असेल, तर त्याला रागावू नका. मूत्रपिंडाची तपासणी करा. या जातीत तरुण वयातही मूत्रपिंडाचा जन्मजात दोष असू शकतो.

केसांचा गुंता. हे सर्वांत जास्त दुर्लक्षित कारण. कानामागे, काखेत, मांडीच्या आतल्या बाजूला जट झाली की प्रत्येक हालचालीला कातडी ओढली जाते. साधारण वर्षाच्या आसपास पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठेपणीचे केस येतात, तेव्हा गुंता एकदम वाढतो. नेमक्या याच वयात त्याचा राखणदारी स्वभावही जागा होतो. 'वर्षाचा झाला आणि गुरगुरायला लागला' या तक्रारीमागे पुष्कळदा या दोन्ही गोष्टी एकत्र असतात.

*सावधान: स्वभाव काही दिवसांत अचानक बदलला असेल तर सराव, ट्रेनर, यूट्यूब सगळं बाजूला ठेवा. आधी व्हेट.*

## टप्पा २: केसांच्या आडचा कुत्रा वाचायला शिका

लांब केसांच्या कुत्र्याला वाचणं खरोखर अवघड असतं. कपाळावरचे केस डोळ्यांवर येतात, कान लोंबते, अंगावरचे केस उभे राहिले तरी कळत नाही, अंग ताठ झालं तरी दिसत नाही. म्हणून आधी डोळ्यांवरचे केस कातरून घ्या किंवा मऊ रबराने सैल बांधा. दोन फायदे होतात: तुम्हाला त्याचे डोळे दिसतात आणि त्यालाही समोरून येणारा हात दिसतो. डोक्यावर अचानक हात आला म्हणून दचकून दात लावणारे ल्हासा कमी नाहीत.

मग या खुणा शोधा:

- शेपूट. ल्हासाची शेपूट पाठीवर वळलेली असते. ती खाली आली की काहीतरी खुपतंय. शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे असं धरू नका. ताठ अंगाने, वर धरलेली शेपूट भराभर हलत असेल तर तो तणावात असू शकतो.
- तोंड. सैल, किंचित उघडं तोंड ठीक. चाललेलं हापणं थांबून तोंड पटकन मिटलं, तर लक्ष द्या.
- कान. टोक बघून उपयोग नाही. कानाचं मूळ मागे ओढलं गेलंय का ते बघा.
- वजन. पुढच्या पायांवर झुकलाय की मागच्या पायांवर? मागे झुकून भुंकणारा कुत्रा बहुधा घाबरलेला असतो.
- छोट्या हालचाली. मान वळवणं, समोर खाणं नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, एक पुढचा पाय उचलून थांबणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, जागच्या जागी थिजणं.

या खुणांची साधारण चढती पायरी असते: मान वळवतो, ओठ चाटतो, थिजतो, गुरगुरतो, ओठ वर करून दात दाखवतो, हवेत चावा घेतो आणि शेवटी चावतो. मोठ्या कुत्र्याने मान वळवली तर माणूस मागे सरतो. सहा किलोच्या कुत्र्याने मान वळवली तर माणूस त्याला उचलून छातीशी धरतो. असं रोज घडत गेलं की खालच्या पायऱ्यांचा उपयोग नाही हे कुत्र्याच्या लक्षात येतं आणि तो थेट वरची पायरी गाठतो. छोटी कुत्री 'काही कारण नसताना' चावतात असं म्हणतात, त्यातल्या बहुतेक ठिकाणी कारण समोर होतं. ते कोणी पाहिलं नाही.

*सावधान: गुरगुरल्याबद्दल कधीही शिक्षा करू नका. शिक्षेने गुरगुरणं थांबतं, भीती तशीच राहते. मग पुढच्या वेळी इशारा न देता चावा बसतो. गुरगुरला की जे करत होतात ते थांबवा, मागे व्हा आणि असं का झालं ते वहीत लिहा.*

*तपासून पाहा: घरातल्या प्रत्येकाला तुमच्या कुत्र्याच्या तीन सुरुवातीच्या खुणा सांगता येतात का? येत नसतील तर दोन-तीन व्हिडिओ आवाज बंद करून सगळ्यांनी एकत्र बघा. आवाज नसला की अंगाची भाषा चटकन दिसते.*

## टप्पा ३: दोन आठवड्यांची वही

चार रकाने आखा: वेळ, आधी काय झालं, त्याने काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं. 'आज चिडचिड करत होता' ही नोंद कुचकामी. उपयोगाची नोंद अशी दिसते:

*संध्याकाळी ७.१०. सोफ्यावर झोपला होता. धाकट्याने मागून उचललं. मान वळवली, ओठ चाटला, गुरगुरला. लगेच खाली ठेवलं.*

या एका ओळीत बरंच काही आहे. तो झोपेत होता, हात मागून आला, दोन खुणा आधी दिल्या होत्या आणि गुरगुरल्यावरच सुटका झाली. अशा नोंदी साठल्या की घरातली ठरावीक वेळ, ठरावीक जागा आणि ठरावीक माणूस आपोआप समोर येतो.

झोपही लिहा. मोठा कुत्रा दिवसरात्र मिळून साधारण १२ ते १४ तास झोपतो, पिल्लू त्याहून जास्त. सतत कोणी ना कोणी उचलून घेणाऱ्या घरात ही झोप होत नाही आणि संध्याकाळी चिडचिड सुरू होते. त्याची झोपायची जागा वर्दळीपासून बाजूला ठेवा, आणि तिथे असताना त्याला कोणीही हात लावायचा नाही हा नियम आजपासून लागू करा.

## टप्पा ४: भुंकण्याचे प्रकार वेगळे करा

सगळ्या भुंकण्यावर एकच उपाय केला जातो, म्हणून एकही लागू पडत नाही.

खबर देणारं. तोंड दाराकडे किंवा खिडकीकडे, चार-पाच झटके, मधेच वळून तुमच्याकडे बघतो. हे त्याचं काम. तुम्ही ओरडलात तर त्याला वाटतं, तुम्हीही साथ देताय. शांतपणे उठा, बघा, 'बघितलं, बस' असा ठरलेला शब्द बोला, वळून दुसरीकडे चला आणि मागे आला की ट्रीट द्या. खिडकीच्या खालच्या काचेला अपारदर्शक फिल्म लावली की निम्मी कटकट मिटते.

मागणारं. तोंड तुमच्याकडे, एक भुंकणं, थांबून अंदाज घेणं, पुन्हा एक. याला प्रतिसाद देऊ नका. दुर्लक्ष सुरू केल्यावर पहिले काही दिवस भुंकणं वाढतं, आणि नेमकं तेव्हाच बहुतेक घरं हार मानतात. मग तो शिकतो ते एवढंच की जास्त वेळ भुंकावं लागतं.

घाबरलेलं. अंग मागे, भुंकत भुंकत सरकणं. इथे अंतर वाढवणं हा पहिला उपाय. ओढत जवळ न्यायचं नाही.

म्हातारपणातलं. ल्हासा १२ ते १५ वर्षं सहज जगतो. उतारवयात रात्री विनाकारण भुंकणं, कोपऱ्यात तोंड करून उभं राहणं सुरू झालं तर ते मेंदूच्या झिजेचं किंवा दुखण्याचं लक्षण असू शकतं. सरावाच्या मागे न लागता व्हेटला दाखवा.

## टप्पा ५: बेलचा सराव

खरे पाहुणे दारात उभे असताना सराव होत नसतो. आधी पाहुणे नसताना पाया घाला.

1. चटई दारापासून लांब, पण दार दिसेल अशी ठेवा. त्याने स्वतःहून तिच्यावर पाय ठेवला की लगेच ट्रीट तिथेच टाका. चटई दिसली की तो आपणहून धावत यायला हवा.
2. तुमच्या बेलचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा. अगदी हळू आवाजात वाजवा आणि लगेच चटईवर तीन-चार तुकडे टाका. आधी आवाज, मग खाणं. उलटं झालं तर काही शिकत नाही.
3. तो आवाज ऐकून चटईकडे बघायला लागला की आवाज थोडा वाढवा. भुंकला तर तुम्ही घाई केलीत. एक पायरी खाली या.
4. खरी बेल, दार बंदच. घरातल्याच कोणीतरी बाहेरून वाजवायची.
5. दार उघडायचं, घरातलंच माणूस आत येणार.
6. ओळखीचा पाहुणा, आधी सांगून ठेवलेला.

एका वेळी दोन मिनिटं, दिवसातून दोनदा पुरे. ल्हासा पटकन शिकतो आणि तितक्याच पटकन कंटाळतो. पाचव्या-सहाव्या वेळी तोंड फिरवलं तर ते हट्टाने नसतं, धडा लांबलेला असतो. सराव पक्का होईपर्यंत खरे पाहुणे आले तर कुत्रा दुसऱ्या खोलीत, चघळायला काहीतरी देऊन. याला हार समजू नका. अर्धवट शिकलेली गोष्ट मोडण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

*तपासून पाहा: चौथ्या पायरीवर सलग तीन दिवस तो न भुंकता, किंवा एक-दोनदाच भुंकून, चटईवर जातो का? जात असेल तरच पाचवी.*

## टप्पा ६: हात, कंगवा, उचलणं

या जातीत माणूस आणि कुत्रा यांचं नातं कंगव्यावर बिघडतं, हे मी ठामपणे सांगेन. केस लांब, म्हणून रोज हाताळणं भाग. आणि रोज दुखलं तर रोज भांडण.

जट असेल तर तिच्यावर सराव करू नका. आधी ग्रूमरकडून ती काढून घ्या, गरज पडली तर सगळे केस बारीक करा. केस परत येतात. मोडलेला विश्वास यायला फार वेळ लागतो.

मग असं करा. जमिनीवर बसा आणि तुमचा तळहात उताणा पुढे धरा. त्याने हनुवटी तळव्यावर टेकवली की ट्रीट. एक-दोन दिवसांत तो दोन-तीन सेकंद टेकवून ठेवायला लागतो. आता हनुवटी टेकलेली असताना दुसऱ्या हाताने खांद्याला एकदा स्पर्श करा आणि ट्रीट द्या. नंतर कंगव्याची पाठ लावा. नंतर कंगव्याचा एकच हलका फटकारा. हनुवटी उचलली की तुमचा हात त्याच क्षणी थांबला पाहिजे. 'एवढा एकच गुंता' म्हणून पुढे गेलात की आधीचं सगळं पाण्यात. थांबवता येतं हे एकदा कळलं की कुत्रा पुन्हा स्वतःहून हनुवटी टेकवतो. ते प्रत्यक्ष बघितल्याशिवाय खरं वाटत नाही.

विंचरताना कोरड्या केसांवर कंगवा फिरवू नका, आधी पाण्याचा हलका फवारा मारा. केस थर करून वर उचला, टोकापासून सुरुवात करून कातडीपर्यंत या. वरवर विंचरलं तर बाहेरून चकचकीत आणि आत जट, अशी अवस्था होते.

उचलण्याआधी एक शब्द ठरवा, समजा 'वर', आणि तो बोलून क्षणभर थांबा. मान वळवली किंवा खाली दबला तर उचलायचं नाही. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. पुढच्या काखांत धरून लोंबकळत उचलू नका, पाठीवर ताण येतो.

## टप्पा ७: वस्तू आणि जागा राखणं

तोंडातला मोजा हिसकावला की पुढच्या वेळी तो मोजा घेऊन सोफ्याखाली जातो. हिसकावू नका, अदलाबदल करा. त्याच्याकडे साधी वस्तू असताना नाकाजवळ ट्रीट न्या, सोडली की ट्रीट द्या आणि जमेल तेव्हा ती वस्तूही परत द्या. परत मिळते हे कळलं की राखायची गरज उरत नाही. सोफ्यावरून हटवायचं असेल तर ढकलू नका, खाली उभं राहून बोलवा आणि आला की बक्षीस द्या. जेवताना ताटलीत हात घालून 'सवय लावायची' ही जुनी पद्धत सोडून द्या. तिने उलट राखण वाढते.

## टप्पा ८: अनोळखी माणसं आणि मुलं

पिल्लाच्या तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ जगाची ओळख करून घेण्याचा. या काळात वेगवेगळी माणसं, आवाज, जमिनी दाखवा. लसीकरण पूर्ण होईपर्यंत कडेवर घेऊन. मोठ्या वयाच्या ल्हासालाही ओळखी होतात, फक्त वेळ जास्त लागतो.

पाहुण्याला सांगा: बाजूला तोंड करून बसा, टक लावून बघू नका, डोक्यावरून हात नेऊ नका. कुत्रा स्वतः आला तर छातीजवळ तीन सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. त्याने पुन्हा अंग टेकवलं तर चालू ठेवा. जागेवरच थांबला तर पुरे झालं.

लहान मुलांना मिठी मारू देऊ नका. फोटोत ती गोड दिसते, कुत्र्याला ती पकड वाटते. मूल आणि कुत्रा एका खोलीत असले की मोठं माणूस तिथे हवं, आणि मोबाइलमध्ये डोकं घातलेलं नको.

## टप्पा ९: एकटं राहणं

आधी दाराबाहेर दहा सेकंद, मग अर्धा मिनिट, मग दोन मिनिटं. जाताना-येताना गाजावाजा नको. पहिल्या अर्ध्या तासाचा व्हिडिओ घ्या. थोडा कुंईकुंई करून झोपत असेल तर ठीक. लाळ गळणं, दार ओरबाडणं, न थांबता ओरडणं दिसलं तर ती खरी घबराट आहे. 'सवय होईल' म्हणून सोडून देऊ नका, व्हेटशी बोला. काही कुत्र्यांना सरावाबरोबर औषधही लागतं.

## मदत कधी घ्यायची

चाव्याने कातडी फुटली असेल, गुरगुरणं मुलाकडे वळलं असेल, किंवा दोन महिने नेटाने सराव करूनही वहीत फरक दिसत नसेल, तर प्राण्यांच्या वर्तनात काम करणाऱ्या पशुवैद्याकडे जा. पहिल्या भेटीला वही, आवाजासह दोन-तीन व्हिडिओ आणि तपासण्यांचे रिपोर्ट न्या. व्हिडिओसाठी मुद्दाम चिडवू नका, आधीचे असतील तेच दाखवा. ट्रेनर निवडताना एकच प्रश्न विचारा: कुत्र्याने चूक केली तर तुम्ही काय करता? उत्तरात गळफासाचा पट्टा, शॉक कॉलर, उताणं पाडून दाबून धरणं यातलं काहीही आलं तर तिथून निघा. तोपर्यंतच्या सुरक्षिततेसाठी हापता आणि पाणी पिता येईल असा जाळीचा मझल (तोंडावर बांधायचं मुसकं) घ्या. त्याच्या आत ट्रीट ठेवून, कुत्रा आपणहून तोंड घालेपर्यंत थांबा. बक्कल लावायचं ते त्यानंतर.